जाळी स्पष्ट, फलंदाज धूसर! कॅमेऱ्याचा ऑटोफोकस का चुकतो?

थेरगावच्या वेंगसरकर क्रिकेट अकादमीत सकाळी गेल्यास सरावाच्या जाळ्यांबाहेर पालकांची रांग हमखास दिसते. कोणाच्या हाती पाण्याची बाटली, कोणाच्या खांद्यावर मुलाची किटबॅग, तर दोघा-चौघांच्या गळ्यात कॅमेरा. ऋतुराज गायकवाडसारखा फलंदाज याच अकादमीत घडून भारतीय संघापर्यंत पोहोचला. त्यामुळे आपल्या मुलाचाही एखादा कव्हर ड्राइव्ह टिपून ठेवावा, असे आई-वडिलांना वाटले तर त्यात नवल नाही.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ त्यांपैकीच. मुलाचे बारावीचे वर्ष सुरू होणार असल्याने त्याचा नियमित सराव थांबणार होता. त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी घरातल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याने दोनशेहून अधिक छायाचित्रे काढली. रात्री ती संगणकावर उघडली तेव्हा जवळपास प्रत्येक छायाचित्रात जाळीचा धागा न् धागा, गाठ न् गाठ सुस्पष्ट होती. आणि मागे बॅट उंचावून उभा असलेला मुलगा मात्र धुक्यात हरवल्यासारखा. दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. ‘फोकसची मोटर गेली आहे’, असे निदान तेथे झाले आणि दुरुस्तीचा जो आकडा सांगण्यात आला, तो त्या कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता.

वास्तविक मोटर शाबूत होती. मोटर गेलेला कॅमेरा जाळीवरही फोकस साधू शकला नसता. चौकटीत जी वस्तू सर्वांत जवळ आणि सर्वांत ठळक होती, ती त्या यंत्राने अचूक पकडली होती. आपल्याला जाळी नको आहे, फलंदाज हवा आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. छायाचित्र काळवंडले तर ते संगणकावर उजळता येते, रंग बिघडले तर सुधारता येतात, चौकट तिरकी असेल तर सरळ करता येते. फोकस चुकला तर मात्र जो तपशील टिपलाच गेला नाही, तो परत मिळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित नव्या प्रणाली धूसर चेहरा ‘स्पष्ट’ करून देतात खऱ्या. परंतु तो चेहरा यंत्राने अंदाजाने रंगवलेला असतो. आपल्या आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या दुसऱ्याच कोणाच्या तरी चेहऱ्यावरून बेतलेल्या असाव्यात, हे निदान प्रस्तुत लेखकाला तरी पटत नाही.

यंत्राचा ‘डोळा’ पाहतो कसा?

स्वयंचलित फोकसची कल्पना डिजिटल युगाच्या आधीची आहे. १९७७ साली बाजारात आलेला ‘कोनिका सी३५ एएफ’ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. पुढच्याच वर्षी पोलरॉइड कंपनीने वटवाघळासारखा ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा कॅमेरा आणला. तो मिट्ट काळोखातही फोकस करी, पण खिडकीच्या काचेपलीकडचे दृश्य टिपायला गेल्यास काचेवरच थबके, कारण ध्वनी काचेवर आपटून परत येई. थेरगावच्या जाळीचा हा पूर्वजच म्हणायचा! १९८५ मध्ये मिनोल्टाने ‘७०००’ हा कॅमेरा आणला आणि ऑटोफोकस एसएलआर कॅमेऱ्यांत रुजला. या तंत्राच्या पेटंटवरून हनीवेल या अमेरिकी कंपनीने मिनोल्टाला न्यायालयात खेचले आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो वाद मिटवावा लागला, यावरून या छोट्याशा सोयीमागे किती मोठे व्यापारी हितसंबंध होते, याची कल्पना यावी.

आजच्या कॅमेऱ्यांत मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात. पहिल्या पद्धतीत लेन्सच्या एका कडेने आलेले किरण आणि दुसऱ्या कडेने आलेले किरण यांच्या दोन वेगळ्या प्रतिमा तयार केल्या जातात. फोकस बरोबर असेल तर या प्रतिमांमध्ये ठरावीक अंतर असते. ते कमी-जास्त झाले की लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची, हे कॅमेऱ्याला एका झटक्यात समजते. आपण दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेतो, त्याच्याशी हे काहीसे मिळतेजुळते आहे. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा वेग यामुळेच होता. याला ‘फेज डिटेक्शन’ म्हणतात.

दुसरी पद्धत ‘काँट्रास्ट डिटेक्शन’ची. खिशात मावणारे जुने डिजिटल कॅमेरे आणि जुन्या डीएसएलआरचा मागचा पडदा सुरू करून केलेले चित्रण या पद्धतीवर चाले. कॅमेरा लेन्स थोडी पुढे नेतो, कडा अधिक रेखीव झाल्या का ते पाहतो, मग थोडी मागे आणतो. सर्वांत रेखीव जागा ओलांडून गेली की परत फिरतो. लेन्सची जी घरघर आणि पुढे-मागे होणारी चाचपणी आपल्याला वैताग आणते, ती हीच. २०१३ मध्ये कॅननने ‘७०डी’ या कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरच्या पृष्ठभागावरच फेज डिटेक्शनची सोय पसरवली. अलीकडचे मिररलेस कॅमेरेही सेन्सरवरूनच फोकस साधतात आणि चेहरा, डोळा, पक्षी ओळखून त्याचा पाठलाग करतात. तरीही आरशाच्या जमान्यातले असंख्य कॅमेरे आजही घरोघरी आहेत, आणि कपाटात पडलेले जुने छोटे कॅमेरे तर महाविद्यालयीन तरुणाई पुन्हा हौसेने बाहेर काढू लागली आहे.

पद्धत कोणतीही असो, तिला एक गोष्ट लागतेच: उजेड आणि अंधार यांची सीमारेषा. कडा, रेघ, नक्षी, पापणी, काठ असे काहीतरी. पांढऱ्या भिंतीवर, निरभ्र आकाशावर किंवा एकरंगी कापडावर कॅमेरा रोखला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही आणि तो चाचपडत राहतो. जुन्या साध्या डीएसएलआरमध्ये आणखी एक मेख आहे. चौकटीत दिसणाऱ्या फोकस बिंदूंपैकी मधला बिंदू बहुधा उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखतो. कडेच्या अनेक बिंदूंना मात्र एकाच दिशेची रेघ ‘दिसते’. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांवर कॅमेरा अडखळत असेल तर तो किंचित तिरका धरावा, फोकस साधावा आणि मग सरळ करावा.

आधी रोग ओळखावा

‘फोटो हलला’ असे आपण सरसकट म्हणतो. त्यात तीन निरनिराळे दोष मिसळलेले असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. छायाचित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडावे आणि चौकटीत कोठेतरी काहीतरी स्पष्ट आहे का, ते पाहावे. वराचा चेहरा धूसर आणि मागच्या पडद्याची जर स्पष्ट असेल तर फोकस चुकला. चौकटीतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला ओढल्यासारखी, दुहेरी दिसत असेल तर हात हलला. स्थिर गोष्टी स्पष्ट आणि फक्त नाचणाऱ्या मुलाचे हात फरकटलेले असतील तर शटरचा वेग कमी पडला. शेवटच्या दोन प्रकारांत ऑटोफोकसला दोष देण्यात अर्थ नाही. २५० मि.मी.च्या लेन्सने हातात धरून चित्रण करताना शटर किमान १/४०० सेकंद असावे. हलणाऱ्या खेळाडूसाठी त्याहून वेगवान. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवावा. रवाळ छायाचित्र चालते, हललेले चालत नाही.

काही वेळा तर छायाचित्र चांगलेच असते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे दृश्य तेवढे अस्पष्ट असते. डोळा लावायच्या जागेशेजारी एक छोटे चाक असते. चष्म्याच्या नंबरानुसार ते फिरवायचे असते आणि बॅगेत घासून ते आपोआपही फिरते. आत दिसणारे आकडे आणि चौकोन स्पष्ट होईपर्यंत ते फिरवले की काम झाले. लेन्सवरचे ‘एएफ-एमएफ’ बटण नकळत ‘एमएफ’वर सरकलेले असणे, हेही अगदी नेहमीचे. या दोन कारणांसाठी दुकानाची पायरी चढणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

जुनी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांनी निकॉनच्या बाबतीत विशेष जपावे. २००६ च्या ‘डी४०’पासून या कंपनीने आपल्या प्राथमिक श्रेणीतील कॅमेऱ्यांमधून फोकसची मोटर काढून टाकली. ‘डी३०००’, ‘डी५०००’ या मालिकांतील कॅमेऱ्यांतही ती नाही. ‘५० मि.मी. एफ/१.८ डी’सारख्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसल्याने या कॅमेऱ्यांवर तिचा ऑटोफोकस चालतच नाही. तो हाताने करावा लागतो. लेन्सही धडधाकट आणि कॅमेराही; फक्त ही सोयरीक जुळणारी नाही.

जाळीचा तिढा सोडवताना

आता पुन्हा थेरगावच्या मैदानाकडे वळू. त्या गृहस्थांच्या कॅमेऱ्यात फोकस बिंदू निवडण्याचे काम कॅमेऱ्यावरच सोपवलेले होते. अशा वेळी बहुतेक कॅमेरे सर्वांत जवळच्या ठळक वस्तूला कौल देतात. जाळी तर जवळही होती आणि काळ्या-पांढऱ्या रेघांनी भरलेलीही. ऑटोफोकसला याहून आवडते भक्ष्य सापडणे कठीण.

पहिला उपाय म्हणजे एकच बिंदू निवडणे, तोही मधला. एवढ्यानेच निम्मे काम होते. निम्मेच, कारण त्या बिंदूतही जाळीचा धागा येतोच. दुसरा उपाय अधिक परिणामकारक आहे आणि तो लेन्सच्या एका मर्यादेचा फायदा घेतो. प्रत्येक लेन्सचे एक किमान अंतर असते. त्याहून जवळच्या वस्तूवर ती फोकस करूच शकत नाही. कॅननच्या जुन्या ५५-२५० मि.मी. लेन्ससाठी हे अंतर १.१ मीटर आहे. म्हणजे जाळीपासून हात-दीड हातावर उभे राहिले की जाळी लेन्सच्या आवाक्याबाहेर जाते. शिवाय इतक्या जवळचे धागे लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये इतके पसरट होतात की छायाचित्रात ते दिसतही नाहीत. फार तर हलका पांढुरका पदर जाणवतो. लेन्स जाळीला टेकवण्याचा मोह मात्र आवरावा. वेगाचा चेंडू आदळला की जाळी चांगलीच बाहेर फुगते, आणि मग प्रश्न फोकसचा राहत नाही.

तिसरा उपाय जुन्या वृत्तपत्र छायाचित्रकारांचा. ऑटोफोकस येण्यापूर्वीही क्रिकेटची उत्तम छायाचित्रे निघतच होती. फलंदाज कोठे उभा राहणार, हे आधीच ठाऊक असते. क्रीजवरील यष्टींवर किंवा फलंदाजाच्या पॅडवर एकदा फोकस साधावा, लेन्सचे बटण ‘एमएफ’वर सरकवावे आणि वाट पाहावी. त्यानंतर जाळी, गोलंदाज, मध्येच येणारा प्रशिक्षक यांपैकी कोणीही फोकस हलवू शकत नाही. येथे उभे राहण्याची जागा महत्त्वाची. फलंदाजाच्या बाजूला, म्हणजे साधारण पॉइंटच्या दिशेला उभे राहिल्यास तो पुढे पाय टाको अथवा मागे जावो, आपल्यापासूनचे त्याचे अंतर फारसे बदलत नाही. ५ मीटरवरून, १०० मि.मी.ला आणि एफ/५.६ अपर्चरला सुमारे अर्धा मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. फटक्यासाठी तो पुरेसा आहे. समोरून, गोलंदाजाच्या बाजूने टिपायचे असेल तर फलंदाज आपल्या दिशेने सरकतो. तेथे ‘एआय सर्व्हो’ किंवा निकॉनचा ‘एएफ-सी’ हा पाठलाग करणारा प्रकार निवडावा लागतो.

मुलाच्या सरावाचा एकच रविवार उरला होता. त्या दिवशी हे गृहस्थ पॉइंटच्या बाजूला उभे राहिले, यष्टींवर फोकस बांधला आणि तासाभरात साठ-सत्तर छायाचित्रे घेतली. बरीचशी वेळ चुकल्याने वाया गेली. चेंडू निघून गेल्यावर बटण दाबले जाणे हा दोष कोणत्याही कॅमेऱ्यात दुरुस्त होत नाही. परंतु सात-आठ छायाचित्रांत हेल्मेटच्या जाळीआडचे डोळेही स्पष्ट आले आहेत.

जाळी नसली तरी

हीच अडचण निरनिराळ्या रूपांत शहरभर भेटते. थेरगावच्या बोट क्लबपाशी पवनेच्या पात्रात जलपर्णी पसरलेली असेल तर तिच्यापुढे बसलेल्या बगळ्याऐवजी कॅमेरा त्या हिरव्या पसाऱ्यालाच पकडतो, कारण पानांच्या कडा बगळ्याच्या सपाट पांढऱ्या पाठीपेक्षा ठळक असतात. अशा वेळी बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर किंवा चोचीच्या मुळाशी ठेवावा.

औद्योगिक पट्ट्यातील लहान वर्कशॉपचे मालक ग्राहकाला पाठवण्यासाठी घासून-पुसून चकचकीत केलेल्या सुट्या भागांची छायाचित्रे घेतात. गुळगुळीत धातूवर कॅमेऱ्याला रेघ सापडत नाही. सापडलीच तर ती धातूत उमटलेल्या ट्यूबलाइटची असते आणि फोकस त्या प्रतिबिंबावर जातो. प्रतिबिंब धातूच्या पृष्ठभागावर नसून त्याच्या ‘आत’ दूरवर असते, हे कॅमेऱ्याला कळत नाही. छापील मजकुराचा कागद त्या भागाच्या कडेशी, तेवढ्याच अंतरावर उभा धरावा, त्यावर फोकस साधून ‘एमएफ’ करावे आणि कागद काढून घ्यावा. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेचे चित्रण करतानाही हीच युक्ती झेंडूच्या माळेवर साधते.

गणपतीच्या आरतीत याच्या उलट घडते. उजेड कमी आणि निरांजनाची ज्योत प्रखर. ज्योत हा कॅमेऱ्याच्या दृष्टीने आकार नसलेला, हलणारा ठिपका आहे. मूर्तीच्या मुकुटाची किंवा सोंडेवरच्या नक्षीची कड धरावी. साध्या जुन्या कॅमेऱ्यांत अपर्चर एफ/५.६ हून लहान असणारी लेन्स-जोडणी, उदाहरणार्थ एक्स्टेंडर, वापरल्यास फोकस यंत्रणा डळमळते, हेही ध्यानात असू द्यावे. एफ/१.८ सारखी मोठ्या अपर्चरची लेन्स अंधारात फोकस लवकर पकडते, पण ती दुधारी आहे. ५० मि.मी. लेन्स एफ/१.८ वर ठेवून १ मीटरवरून चेहरा टिपला तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. नाकाचा शेंडा रेखीव आणि डोळे धूसर, अशी छायाचित्रे यातूनच निघतात. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस साधून, बटण अर्धे दाबून ठेवत चौकट बदलण्याची आपली जुनी सवयही इतक्या जवळून घात करते. चौकट बदलताना आपण नकळत इंचभर पुढे झुकलेलो असतो.

सेल्फ-टायमर लावून धावत जाऊन कुटुंबासोबत उभे राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. अनेक कॅमेरे बटण दाबताक्षणीच फोकस ठरवतात. त्या वेळी आपण लेन्ससमोर उभे असू तर फोकस आपल्या शर्टावर बसतो आणि मागचे सगळे गोत धूसर होते.

खरोखरच बिघाड असेल तर?

कधी कधी असतोही. २००७ मध्ये कॅननच्या ‘ईओएस-१डी मार्क ३’ या व्यावसायिक कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसविषयी तक्रारी झाल्या आणि आतील दुय्यम आरशाच्या यंत्रणेत दोष असल्याचे मान्य करून कंपनीला दुरुस्ती करून द्यावी लागली. तेव्हा महागडा कॅमेरा चुकत नाही, असे नाही.

आरसा असलेल्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग वेगळा आणि छायाचित्र टिपणारा वेगळा असतो. दोहोंत केसाएवढा फरक पडला तरी फोकस कायम थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. याची चाचणी घरी करता येते. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. टेबलावर एक फूटपट्टी तिरकी ठेवावी आणि तिच्या मध्यखुणेशेजारी, त्याच अंतरावर, छापील मजकुराचा एक खोका सरळ उभा करावा. खोक्यावर मधल्या बिंदूने फोकस साधून, लेन्सचे सर्वांत मोठे अपर्चर ठेवून, दरवेळी लेन्स आधी मुद्दाम बिघडवून पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत. पट्टीवरचा स्पष्ट भाग दरवेळी त्याच बाजूला सरकलेला दिसला तर दोष खरा आहे. कधी पुढे, कधी मागे असे होत असेल तर तो उजेडाचा किंवा आपल्या हाताचा खेळ समजावा. मागच्या पडद्यावरून फोकस केल्यावर तोच खोका नेमका स्पष्ट येत असेल तर लेन्स ठीक आहे, मोजणी चुकते आहे, हेही सिद्ध होते. २००७ नंतरच्या अनेक मध्यम व वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत हा फरक मेन्यूतून दुरुस्त करण्याची सोय आहे. प्राथमिक श्रेणीतील कॅमेऱ्यांत ती बहुधा नसते आणि तेथे सेवा केंद्र गाठावे लागते. जाताना ही छायाचित्रे सोबत न्यावीत.

लेन्स मध्येच फोकस करते, मध्येच गप्प होते, असे असल्यास कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि तिच्या मागील सोनेरी ठिपके कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. घामाचा हात लागून त्यावर थर बसतो. पावसाळ्यानंतर मात्र लेन्स खिडकीसमोर धरून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. तिच्यामुळे कडांचा ठळकपणा कमी होतो आणि ऑटोफोकस चाचपडू लागतो. सुरुवातीला ती जाणकाराकडून साफ करून घेता येते. उशीर झाल्यास काचेवरील लेप कायमचा खराब होतो. चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पिशवीत कॅमेरा ठेवण्याऐवजी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि जून ते ऑक्टोबर या काळात महिन्यातून एकदा त्या बदलाव्यात.